पहिल्या गिअरमधले बुधवार

गाडी धुराच्या तपासणीत नापास झाल्याचं थोरल्याला मनातून बरंच वाटलं होतं, आणि ते कुणाला कळू नये म्हणून रविवारी सकाळपासून तो दुखवट्याला आल्यासारखा चेहरा करून वावरत होता.

"तेवीस वर्षं म्हणजे गाडीच्या मानाने खूप झाली गं," काकांच्या गॅरेजसमोर उतरताना तो आईला म्हणाला. "कधीतरी हे व्हायचंच होतं."

"तुला एकेचाळीस झाली," आई म्हणाली. "तुला कुठे कुणी मोडीत काढलं?"

मुदत उद्यापर्यंतची होती. उद्या सोमवारी दुसरी तपासणी. त्यात नापास झाली की नोंदणी रद्द, आणि गाडी भंगारात. गाडी गेली की आईला गावाच्या टोकाच्या त्या घरात एकटीने राहणं जमणार नाही, कारण बस तिकडे वाट चुकली तरच येते. आणि थोरल्याच्या फ्लॅटमध्ये एक खोली रंगवून तयार होती. रंग आईला न विचारता निवडला होता. थोरला दुष्ट नव्हता. विम्याच्या कंपनीत तो लोकांचे खोटे दावे पकडायचं काम करायचा, आणि दिवसभर सगळ्यांवर संशय घेऊन घरी आला की उरलेली माया घरच्यांची परस्पर सोय लावण्यात खर्च करायचा. मागे एकदा तो फोनवर कुणाला तरी म्हणाला होता, "म्हातारीचं आता काहीतरी करायला हवं." आईने ते ऐकलं आणि आठ दिवस अबोला धरला. म्हातारी म्हणजे गाडी, हे त्याने पुष्कळ समजावलं. आईने समजून घेतलं, पण विश्वास ठेवला नाही.

काकांच्या गॅरेजात तो दोन वर्षांनी पाऊल टाकत होता. दोन वर्षांपूर्वी त्याने गाडी काकांकडून काढून एका मोठ्या सर्व्हिस सेंटरला लावली होती. तिथे काचेची केबिन होती, मशीनची कॉफी होती आणि मेकॅनिकच्या नखांत काळं नव्हतं. त्या दिवसापासून काकांनी सख्ख्या पुतण्याचं नाव टाकलं; ते त्याला 'साहेब' म्हणायला लागले. आता त्याच सर्व्हिस सेंटरने सांगितलं होतं की इंजिनचं हेड गॅस्केट, म्हणजे आतलं पाणी आणि ऑइल वेगळं ठेवणारी पट्टी, गेलंय, खर्च करण्यात अर्थ नाही. त्यावर आई एवढंच म्हणाली होती, "मला दुसऱ्या डॉक्टरचं मत हवंय." आणि थोरल्याची धाकटी बहीण, जी शाळेत रसायनशास्त्र शिकवायची आणि दादाच्या विरोधात जायची एकही संधी सोडायची नाही, तिने आईची बाजू घेतली होती. ती आज तपासणीचा कागद हातात घेऊन सगळ्यांच्या आधी येऊन बसली होती.

सूनही आली होती. थोरल्याची बायको रक्त तपासायच्या लॅबमध्ये नमुने घ्यायची, रविवार हा तिचा एकुलता एक सुटीचा दिवस. तरी ती आली. थोरल्याला वाटलं, सासूच्या काळजीने आली.

"या साहेब," काका म्हणाले. "कॉफी नाही आमच्याकडे."

"काका, तुम्ही अजून तेच..."

"वहिनी, तुम्ही त्या स्टुलावर बसा. टायरवर नका बसू, साडीला लागेल." काकांनी पुतण्याकडे पाठ केली आणि गाडीचं बॉनेट उघडलं.

धाकटीने कागद वाचून दाखवला. "कार्बन मोनॉक्साइड अर्धा टक्का चालतो, हिचा दोन पूर्णांक एक. हायड्रोकार्बन दोनशेपर्यंत चालतात, हिचे सहाशे चाळीस. म्हणजे बघा काका, पेट्रोल अर्धवट जळतंय. हवा कमी पडतेय आणि पेट्रोल जास्त."

काकांनी गाडी सुरू केली, मागे जाऊन धुराच्या नळीसमोर तळहात धरला, मग तो हुंगला. तळहात काळा झाला होता.

"पेट्रोल जास्त," ते म्हणाले. "हे कळायला तू सहा वर्षं कॉलेजात गेलीस?"

"तुमच्या नाकाला आकडे कळत नाहीत."

"आणि तुझ्या आकड्यांना वास येत नाही. जाऊ दे. एकवीसचा पाना दे."

"एकवीसचा कुठला?"

"तू कागदच वाच."

काकांनी इंजिन बंद केलं, एकेक करून चारही प्लग काढले आणि फडक्यावर ओळीने मांडले. चारही काजळीने मखमलीसारखे काळे.

"आता सांग, मास्तरीणबाई. एका घरात चार भाऊ आहेत. एक बिघडला तर दोष त्याचा. पण चारही सारखेच बिघडले तर?"

"आईबापांचा."

"बरोब्बर. म्हणजे दोष वरून येतोय."

"हे माझ्याकडे बघून म्हणायचं कारण नाही, भाऊजी," आई स्टुलावरून म्हणाली.

मग काकांनी ऑइल भरायच्या तोंडाचं झाकण उघडलं. झाकणाच्या आतल्या बाजूला पिवळट, लोण्यासारखा थर जमला होता. थोरला एकदम पुढे सरसावला.

"हे बघा! त्यांनी मला याचाच फोटो दाखवला. पाणी ऑइलमध्ये शिरलंय. हेड गॅस्केट."

"त्यांनी फोटो काढला, पण ऑइल नाही बघितलं." काकांनी ऑइल मोजायची पट्टी बाहेर ओढली आणि त्याच्या नाकासमोर धरली. "काळं आहे, पातळ झालंय, पेट्रोलचा वासही मारतंय. पण दुधाळ आहे का? नाही. आणि रेडिएटरचं पाणी बघ, गळ्यापर्यंत आहे. गॅस्केट गेलं असतं तर पाणी कुठेतरी गेलं असतं ना? का ते पण तुमच्या सेंटरला कॉफी प्यायला गेलं?"

"मग हे लोणी कसलं?"

"वाफेचं. भांड्यावर झाकण ठेवलं की आतून घाम येतो, तसं. इंजिन नीट तापलं तर तो घाम उडून जातो. हिचं तापतच नाही." काकांनी दोन प्लग खरवडले, चारही परत बसवले आणि गाडी पुन्हा सुरू केली. पाच मिनिटांत त्यांनी रेडिएटरकडे जाणाऱ्या जाड रबरी नळीवर सगळ्यांना हात ठेवायला लावला. "कशी लागते?"

"कोमट," सून म्हणाली. ती आल्यापासून पहिल्यांदाच बोलली.

"इंजिन तापेपर्यंत ही गार राहायला हवी. पाण्याच्या वाटेवर एक छोटा दरवाजा असतो, थर्मोस्टॅट. गार असताना बंद, तापलं की उघडा. हिचा उघडाच अडकलाय. म्हणून तपमानाचा काटा बघा, पाव घराच्या वर येत नाही. आणि आतल्या कॉम्प्युटरला बिचाऱ्याला वाटतं, इंजिन आत्ताच झोपेतून उठलंय. तो आपला ओततोय पेट्रोल, ओततोय पेट्रोल."

अर्ध्या तासाने तो थर्मोस्टॅट बाहेर आला. रुपयाच्या नाण्याहून जरा मोठा, पितळी, तोंड वासलेला. थोरल्याने तो तळहातावर घेतला. एवढ्याशा तुकड्याने त्याची रंगवलेली खोली धोक्यात आणली होती.

"म्हणजे हा बदलला की झालं?" धाकटीने विचारलं.

काका फडक्याने एकेक बोट पुसत राहिले.

त्यांच्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. थर्मोस्टॅट एवढी काजळी करत नाही. वहिनी दर बुधवारी शेजारच्या शहरात बहिणीकडे जातात, साठ किलोमीटर जाऊन साठ येऊन. हे घरात सगळ्यांना माहीत होतं. मोकळ्या रस्त्यावर आठवड्यातून एकदा एवढी पळणारी गाडी आतून अशी घुसमटत नाही. त्यातून तो क्लच. दोन वर्षांपूर्वी काकांनी स्वतःच्या हाताने नवा घातलेला क्लच मघाशी गाडी आत घेताना पार वर, पाय जवळजवळ पूर्ण उचलल्यावर धरत होता, म्हणजे झिजलेला. आणि ड्रायव्हरच्या सीटखालचे रूळ आरशासारखे चकचकीत झाले होते. सीट सारखी पुढे, सारखी मागे. एकट्या माणसाची सीट एवढी फिरत नाही.

चाळीस वर्षांत काकांनी गाड्यांमधून पुष्कळ काही वाचलं होतं. कोण कुठे जातो, कुणाबरोबर जातो, कुठे जातो म्हणून सांगतो. माणसं खोटं बोलतात, इंजिनाला ते जमत नाही. म्हणून गाडीने सांगितलेलं शक्यतो गाडीपाशीच ठेवायचं, असा त्यांचा धंद्याचा नियम होता. त्यांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी पर्स उघडली, बंद केली, पुन्हा उघडली.

"झालं," काका म्हणाले. "हा बदलला की झालं."

पण तोपर्यंत थोरला ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसला होता. दरवाजाच्या कडेला सर्व्हिस सेंटरचं एक लेबल होतं: मागच्या सर्व्हिसिंगची तारीख आणि तेव्हाचे किलोमीटर. त्याने ते वाचलं, समोरचा आकडा वाचला, आणि त्याच्या चेहऱ्यावर ऑफिसातला भाव आला.

"आई. अकरा महिन्यांत ही गाडी सातशे वीस किलोमीटर चाललीय."

"असेल."

"आठवड्याला एकशेवीस म्हणजे साडेपाच हजारांच्या वर व्हायला हवेत."

"काटा बिघडला असेल. सगळंच बिघडलंय म्हणतोस ना तू?"

"आई, तू मावशीकडे जातेस ना?"

"मग कुठे जाते?"

धाकटीने भांडण मिटवायला म्हणून फोन काढला. तिचा हेतू चांगला होता. तिचे हेतू नेहमीच चांगले असत आणि त्यातून नेहमीच काहीतरी फुटत असे. तिने मावशीला फोन लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा मोठा केला.

"मावशी, आई तुझ्याकडे दर बुधवारी येते ना गं?"

"येते की!" मावशी क्षणभरही थांबली नाही. "गेल्या बुधवारीसुद्धा आली होती. चांगली चार वाजेपर्यंत बसली. आम्ही किती हसलो!"

"मावशी, गेल्या बुधवारी तू माझ्याकडे होतीस. डोळे तपासायला आली होतीस," धाकटीच्या तोंडून निघून गेलं.

मग मावशी म्हणाली, "आवाज नीट येत नाहीये," आणि फोन बंद झाला.

सुनेला वाटलं, आता आई सांगणार. आणि दुसऱ्याच क्षणी वाटलं, नाही, आई सांगणार नाहीत, मरतील पण सांगणार नाहीत. ते जास्त वाईट होतं.

"मी कुठेच जात नाही," आई म्हणाली. तिचा आवाज एकदम बारीक झाला होता. "ते फर्निचरचं मोठं दुकान बंद पडलंय ना, त्याच्या मागे मोकळी जागा आहे. तिथे जाऊन बसते. इंजिन चालू ठेवून. दोन-तीन तास."

"नुसती बसतेस?"

"नुसती."

थोरला सीटवरून उठला आणि आईच्या स्टुलासमोर उकिडवा बसला. त्याचे डोळे खरोखर भरून आले होते, आणि सुनेला त्याची नेमकी तीच भीती वाटायची. रागावलेल्या नवऱ्याशी भांडता येतं. गहिवरलेल्या नवऱ्यापुढे इलाज नसतो.

"आई, अगं एवढं एकटं वाटत होतं तर सांगायचं ना. आम्ही काय मेलोय? हे बघ, आता गाडीचं जाऊ दे. तपासणी नको, काही नको. पुढच्या रविवारी तू आमच्याकडे राहायला ये. खोली तयार आहे."

आई मान खाली घालून बसली होती. धाकटीही डोळे पुसत होती. म्हणजे तीही फुटली. सुनेने पाहिलं, पाच मिनिटांपूर्वी गाडीच्या बाजूने असलेलं सगळं घर आता थोरल्याच्या खोलीच्या बाजूने झालं होतं. एक धडधाकट बाई सगळ्यांच्या डोळ्यांसमोर बिचारी म्हातारी होऊन बसली होती, आणि तेही सुनेचं गुपित सांभाळायला.

"नुसतं बसून क्लच झिजतो का, काका?" सून म्हणाली.

काकांनी खाकरून घेतलं. "नाही झिजत."

"तू गप्प बस गं," आई म्हणाली.

"नाही आई, आता नाही. अहो, ऐकताय का? आई तिथे बसायला जात नाहीत. गाडी चालवायला शिकवतात. चार बायका आहेत. पहिल्या गिअरमध्ये सोडायचं, बंद पडली की परत सुरू करायची, परत सोडायचं. तीन तास. त्याचा धूर आहे हा. आणि त्या चारांतली एक मी आहे."

थोरला उकिडवाच होता. तो तसाच तिच्याकडे वळून बघायला लागला, त्यामुळे त्याचा तोल गेला आणि त्याने आईचा गुडघा धरला.

"तू? कधीपासून?"

"सात महिने. बुधवारी माझी दुपारची पाळी नसते, लॅबमध्ये सगळ्यांना माहीत आहे. तुला सोडून."

चारचौघांत ती त्याला 'अहो' म्हणायची आणि घरात 'तू'. आज चारचौघांत 'तू' निघून गेलं, आणि ती ते मागे घेणार नव्हती.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं. तीनदा. आठ वर्षांपूर्वी एकदा फाटकाला गाडी घासली म्हणून तू म्हणालास, तुझे हात थरथरतात, तुझ्याच्याने नाही व्हायचं. मग ते तू सगळ्यांना सांगत सुटलास. माझ्या आईला, शेजाऱ्यांना. इतक्यांदा सांगितलंस की मलाही खरं वाटायला लागलं. अरे, मी रोज चाळीस माणसांच्या शिरेत सुई घालते. पहिल्या फटक्यात. तुझ्याही घातली होती. तेव्हा डोळे तूच मिटून घेतले होतेस."

काकांना हसू आलं, ते त्यांनी बॉनेटखाली डोकं घालून आवरलं.

"आई, हे बेकायदेशीर आहे," थोरला म्हणाला. त्याला हाताला लागेल ते धरायचं होतं. "परवाना नसलेल्या बायकांना..."

"शिकाऊ परवाना चौघींकडे आहे. जागा खाजगी आहे, मालकीणच शिकायला येते. मला नियम सांगू नकोस, तीस वर्षं मी टपाल खात्यात काढली आहेत." आईचा आवाज पुन्हा जाड झाला होता. "आणि गुडघा सोड, दुखतोय."

"आणि मला?" धाकटी म्हणाली. "मला का नाही सांगितलंत? मी तर तुमच्या बाजूची होते!"

"तुझ्या पोटात काही राहत नाही, बाळ," आई म्हणाली. "आत्ता बघितलंस ना."

थोरला उठला आणि बाहेर गेला.

गॅरेजच्या मागे जुन्या टायरांची चवड होती, तिथे तो उभा होता. आई थोड्या वेळाने त्याच्यामागे गेली. पाठीमागून तो हुबेहूब वडिलांसारखा दिसायचा, खांदे तसेच उतरलेले. समोरून पाहिलं की मग कळायचं, याला अजून पुष्कळ शिकायचं आहे.

"सगळ्यांना माहीत होतं," तो म्हणाला. "मावशीलासुद्धा. मीच एकटा मूर्ख."

"काकांना माहीत नव्हतं. त्यांनी आत्ता वास घेऊन ओळखलं."

तो हसला नाही. आईने पदराने एक टायर झटकला आणि त्यावर बसली. साडीला काळं लागलंच.

"तुझ्या वडिलांनी मला शिकवलं तेव्हा मी चव्वेचाळीस वर्षांची होते. आठ महिने त्यांनी हँडब्रेकवरचा हात काढला नाही. जरा चुकलं की ओरडायचे. 'समोर बघ! आरशात बघ! कुठे बघतेस!' मला कळायचंच नाही, नक्की कुठे बघू. आणि तू मागच्या सीटवर बसून हसायचास."

"मी अठरा वर्षांचा होतो, आई."

"म्हणून तर इतकी वर्षं बोलले नाही. त्या चौघींना मी शिकवते तेव्हा एकच नियम ठेवलाय. गाडी बंद पडली की बाजूच्याने तोंड बंद ठेवायचं. आपोआप शिकतात. तुझी बायको सगळ्यांत चांगली आहे. तुला सांगायला ती घाबरत नव्हती रे. तू तिची काळजी करायला लागशील, याला घाबरत होती."

थोरल्याने बुटाने एक दगड उडवला. मग म्हणाला, "आणि खोली?"

"खोली चांगली आहे. रंग भयंकर आहे. अजून दहा वर्षांनी विचार, तेव्हा डोळे अधू झालेले असतील."

आतून काकांचा आवाज आला. "साहेब! नळी धरायला माणूस हवाय! का त्यासाठीपण अपॉइंटमेंट घ्यायची?"

तो गेला. शर्टाच्या बाह्या दुमडून त्याने संध्याकाळपर्यंत नळ्या धरल्या, जुनं ऑइल काढलं, नवं ओतलं, नवे प्लग फडक्याने पुसून एकेक हातात दिले. काका सांगत होते आणि तो करत होता. पाचच्या सुमाराला काकांनी त्याला नावाने हाक मारली. दोघांनीही ते ऐकलंच नाही असं दाखवलं.

"आता उद्याचं ऐका," निघताना काका म्हणाले. "इंजिन बरं झालंय, पण आतली जुनी काजळी तशीच आहे. सकाळी गाडी तासभर मोकळ्या रस्त्यावर पळवायची. तिसऱ्याच्या वर जायचं नाही, इंजिन ओरडलं पाहिजे. आणि तशीच धगधगती मशीनवर न्यायची, मध्ये बंद करायची नाही."

"धूर स्वच्छ करणारा डबा तापल्याशिवाय काम करत नाही, म्हणून," धाकटीने भर घातली. पोटात काही राहत नव्हतं.

"मी चालवतो," थोरला म्हणाला.

"तू पेट्रोल वाचवत चालवतोस," आई म्हणाली. "ती चालवेल."

सोमवारी सकाळी सून ड्रायव्हरच्या सीटवर, आई तिच्या शेजारी, काका आणि थोरला मागे. धाकटीला शाळा होती. तिने दर दहा मिनिटांनी निरोप पाठवायची शपथ घ्यायला लावली होती. शहराबाहेर पडेपर्यंत सगळं ठीक होतं. मग काका म्हणाले, "हाण," आणि सुनेने पाय दाबला.

गाडी तिसऱ्या गिअरमध्ये किंचाळायला लागली. मागे काळ्या धुराचा एवढा लोट उठला की पाठीमागचा मोटारसायकलवाला त्यात गडप झाला. तो बाहेर आला तेव्हा त्याने शेजारी येऊन काचेतून थोरल्याच्या तीन पिढ्यांचा उद्धार केला. थोरल्याने खिडकीवरची मूठ दोन्ही हातांनी धरली होती. त्याच्या तोंडात 'समोर बघ' आलं, ओठांपर्यंत आलं, आणि आरशात आईचे डोळे दिसले तसं परत गेलं.

"काही म्हणालास?" सुनेने विचारलं.

"नाही. छान हवा आहे."

"जरा हळू घे म्हणाला तो," काका म्हणाले. "तू ऐकू नकोस."

अर्ध्या तासाने धूर करडा झाला, मग पांढुरका, मग दिसेनासा झाला. तपमानाचा काटा पहिल्यांदाच घराच्या मध्यावर येऊन उभा राहिला. सून ओठ चावून चालवत होती, मानेवर घाम होता, पण हात स्थिर होते. थोरल्याने ते पाहिलं. एवढ्या वर्षांत त्याने तिला काम करताना एकदाही पाहिलं नव्हतं, सुई घेताना तर डोळेच मिटलेले होते.

तपासणी केंद्रावर रांगेत पाच गाड्या होत्या. पहारेकरी आला, "इंजिन बंद करा." काका खाली उतरले आणि त्याला गाडीच्या आजारपणाची पहिल्यापासून हकीकत सांगायला लागले. थर्मोस्टॅटपर्यंत आले तेव्हा पहारेकऱ्याने हात जोडले आणि तो दुसरीकडे गेला.

तपासनीस तरुण मुलगी होती. तिने धुराच्या नळीत तिचं यंत्र घातलं, पडद्यावरचे आकडे नाचले आणि हळूहळू बसले. कार्बन मोनॉक्साइड शून्य पूर्णांक चार. हायड्रोकार्बन एकशे नव्वद.

"काठावर आहे," ती म्हणाली.

"काठावर म्हणजे आत," आई म्हणाली. "पाण्यात नव्हे."

मुलीने शिक्का मारला. आईने कागद घडी करून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवला, मग पुन्हा काढला, वाचला आणि पुन्हा ठेवला. थोरल्याने काकांशी हात मिळवला. दोघांचेही हात ऑइलने अजून काळेच होते. धाकटीला निरोप गेला. तिचं उत्तर आलं, त्यात नुसती उद्गारचिन्हं होती.

थोरल्याला ऑफिसला उशीर झाला होता. "मी रिक्षाने जातो," तो म्हणाला.

"बस," सून म्हणाली. "सोडते."

ऑफिस भर बाजारात होतं. दहा वाजून गेले होते. दारात त्याच्या विभागातले दोघे चहाचे कप घेऊन उभे होते. गाडी थांबली, थोरला मागच्या दारातून उतरला, शर्ट खोचला.

"ड्रायव्हर ठेवलास की काय?" एकाने हसत विचारलं.

"बायको आहे माझी," थोरला म्हणाला.

एवढ्यात मागे गाडीला एक गचका बसला आणि ती बंद पडली. ती अर्धी रस्त्यावर, तिच्यामागे बस, बसमागे दोन ट्रक. एक हॉर्न वाजला, मग सगळेच वाजले. बसवाल्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. थोरला वळला. तीन पावलांत तो गाडीपाशी पोचला असता. काच खाली होती, सांगण्यासारखं पुष्कळ होतं. आत आई समोर बघत स्वस्थ बसली होती आणि काका टपाकडे बघत होते.

थोरला गाडीपाशी थांबला नाही. तो तिच्या मागे गेला, रस्त्याच्या मधोमध उभा राहिला आणि बसच्या तोंडासमोर तळहात धरला.

"ओ साहेब, मरायचंय का?" बसवाला ओरडला.

"थांबा जरा," थोरला म्हणाला. "सुरू होतेय."

तो तसाच उभा राहिला, गाडीकडे पाठ करून, हात वर धरून. मागे चावी फिरल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. मग पुन्हा चावी. त्याने वळून पाहिलं नाही.